लग्नाचा झगा विकणे आहे

२ मे, मंगळवार

विकायची! ठरलं एकदाचं. वेंडेलचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत. गॅरेजची झोपायची खोली करायची म्हणजे गॅरेजमधल्या बाईसाहेबांना घर शोधायला हवं.

जाहिरात मीच लिहिली. ‘एकोणसत्तर सालची शेव्हेल गाडी. इंजिन मूळचं नाही, त्याहून मोठं आहे. बॉनेटला भोक. तळाला गंज. कित्येक वर्षं सुरू केलेली नाही.’ वेंडेलने चष्मा वर करून वाचली. “अगं, गाडी विकायची आहे की लोकांना पळवून लावायचंय?”

खोटं बोलून विकायची नाही. आणि मोडीत तर मुळीच द्यायची नाही. ज्याला ती चालवायची आहे, त्यालाच.

४ मे, गुरुवार

आवरण काढलं. मागच्या सीटवर खारीने अक्रोडांचं कोठार केलंय! दिवसभर झाडलोट. चालकाच्या दारावरची अक्षरं धूळ पुसताच एकदम ठसठशीत झाली — ‘लग्नाचा झगा’.

आईने झग्यासाठी दिलेल्या पैशांत मी इंजिन आणलं. लग्न उरकलं बहिणीच्या झग्यात, कमरेला टाचण्या टोचून. आईने गॅरेजमध्ये डोकावून एवढंच विचारलं, “हाच का तुझा लग्नाचा झगा?” मी दुसऱ्या दिवशी तेच दारावर रंगवलं. पुढे नाताळपर्यंत अबोला. पण माझी गाड्यांची शर्यत बघायला आली की सगळ्यात मोठ्याने तीच ओरडायची.

आमच्या चर्चचे एक वडीलधारे मात्र घरी येऊन बसले. “लोइस, रविवारी, प्रभूच्या दिवशी शर्यत?” मी मान खाली घालून ऐकलं, त्यांना कॉफी दिली, वर बदामाची पोळी दिली. पुढच्या रविवारी जिंकले.

आता मी काही या झग्यात बसत नाही. खांदा दुखतो, आणि आरसा खोटं बोलत नाही.

६ मे, शनिवार

पहिलं गिऱ्हाईक. रँडी. आला आणि टायरला लाथ घातली. गाडीबद्दल सगळं विचारलं ते वेंडेलला. वेंडेल बिचारा शाळेतला बँडमास्तर. त्याला तुतारी कळते, कार्ब्युरेटर नाही. “हिला विचारा,” एवढं एकच वाक्य त्याने पाठ केलंय.

रँडीला फक्त मागच्या चाकांचा ॲक्सल हवा होता. “बाकीचं भंगारात जाईल, आजी.”

आजी म्हणाला मेला! फाटक दाखवलं.

२० मे, शनिवार

आज क्रिस्टा आली. तिशीची असेल, दातांच्या दवाखान्यात काम करते. आली ती सरळ आडवी झाली आणि गाडीखाली शिरली. खिशातून काय काढावं? दातांत बघायचा तो इवलासा आरसा! त्याने फटीफटीतला गंज तपासत होती. “इथे कीड आहे... इथे पण... ही दाढ मात्र वाचेल.” मी हसून हसून बेजार.

मग बॉनेटच्या भोकाशी थांबली. कडेवरून बोट फिरवलं. “हे कोणी कापलं?”

“मी. हातकरवतीने. मोठं इंजिन मावेना.”

“आणि कडा कानशीने घासल्यात! लोइसमावशी, हे बुजवायचा विचारसुद्धा कोणी करू नये.”

जीव जडला माझा पोरीवर. पण तिने सांगितलेल्या किमतीत सुतार खोलीचं दारसुद्धा बसवणार नाही. विचार करते म्हणाले. हात मिळवला नाही. आमच्याकडे हात मिळवला की सौदा झाला.

२१ मे, रविवार

चर्चहून येऊन सूप गरम करतेय तोवर दारात भपकेबाज गाडी. शिकागोचे प्रेस्कॉट. हातमोजे घालून पत्र्यावर लोहचुंबक फिरवत होते. जिथे पुट्टी भरलीय तिथे चुंबक टपकन खाली पडायचा, आणि ते “च्च!” करायचे.

पण किंमत सांगितली ती अशी, की वेंडेलचा चमचा बशीतच पडला. खोली, शिवाय न्हाणीघर, सगळं झालं असतं!

“कारखान्यातून निघाली तश्शी करणार मी,” म्हणाले. “मूळ इंजिन शोधेन. हे भोक बंद. दारावरचा गावंढळपणा खरवडून टाकू. मग बंदिस्त दालनात ठेवेन, धूळसुद्धा लागणार नाही.”

त्यांनी हात पुढे केला. माझा हात एप्रनच्या खिशात. खोलीही दिसत होती आणि आईही.

“आज रविवार आहे,” मी म्हटलं. “रविवारी आम्ही व्यवहार करत नाही.”

वेंडेलला असा ठसका लागला की सूप नाकातून आलं. प्रेस्कॉट मात्र नम्रपणे टोपी काढून म्हणाले, उद्या दुपारी येतो. पापी मी! ज्या रविवाराने मला इतकं बोलणं ऐकवलं, तोच मदतीला धावला.

संध्याकाळी वेंडेलने आपणहून क्रिस्टाला फोन लावला. “छे छे, व्यवहार नाही. उद्या सकाळी आमच्याकडे ताजी कॉफी आहे, एवढंच कळवतोय. लवकर ये हं, पोरी.”

मी म्हटलं, “अरे, आणि तुझी खोली?”

“जेवणघरात पलंग टाकू. फ्रिज जवळ पडेल.”

या माणसाशी टाचण्या टोचून का होईना, लग्न केलं ते बरं केलं.

२२ मे, सोमवार

क्रिस्टा कामाच्या कपड्यांतच आली. मी हात पुढे केला. ती रडली, मग मीही. झाला सौदा!

मग चाचरत म्हणाली, “मावशी, एक अडचण आहे. मी राहते दुसऱ्या मजल्यावर. मला गॅरेजच नाही.”

वेंडेल म्हणाला, “आमच्याकडे एक आहे. नुकतीच त्यातली गाडी विकली.”

दुपारी प्रेस्कॉटना दारातच खरं सांगितलं. चिडले. रागावणारच! बदामाची पोळी बांधून दिली.

१८ नोव्हेंबर, शनिवार

सुरू झाली!! खिडक्या थडथडल्या. दर शनिवारी दोघी कोपरापर्यंत काळ्या होत होतो, त्याचं चीज झालं. वेंडेल जेवणघरातल्या पलंगावरून ओरडला, “एक जण बेसूर वाजतोय!” खरंच, एक प्लग पेटत नव्हता.

९ जून २०२४, रविवार

आज चर्चला दांडी. शर्यतीच्या मैदानावर क्रिस्टाने किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. “झगा तुमचा आहे, मावशी. आधी तुम्ही.” जिंकले! कुंपणापाशी वेंडेल आईपेक्षाही मोठ्याने ओरडत होता.