चादरीमागचं घर

जुळे सोलापूर
९ फेब्रुवारी २०२५

ती. वैजयंती आत्यास,
पृथ्वीराजचा सा. न. वि. वि.

आणि हो, परवा फोनवर जुन्या घराच्या गॅलरीचं विचारायचं राहिलंच! फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र.

भवानी पेठेतलं आपलं घर माझ्या जन्माआधीच पाडलं. बाबा सांगतात, सपाट स्लॅब, सिमेंटची जाळी, भिंतीतून नुसत्या बाहेर आलेल्या पायऱ्या. आर्किटेक्चरच्या कॉलेजात अशा घरांच्या स्लाइड दाखवतात तेव्हा मी ओरडतो, आमचं असंच होतं! मग सगळे फोटो मागतात. अल्बममधले सगळे फोटो बघितले गं. पुढं तुम्ही, मागं टांगलेली चादर. प्रत्येक फोटोत! घर कुठंय?

पुठ्ठ्याचं मॉडेल करतोय. आतलं जमलं, समोरची बाजूच अडलीय. बाबा म्हणतात गॅलरी गोल होती. खरंय का? बाबांखेरीज विचारायला आता तूच आहेस.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा पृथ्वी

करकंब
१६ फेब्रुवारी २०२५

चि. पृथ्वीस अनेक आशीर्वाद.

इंग्रजी शाळेत जाऊन बी मराठी बरं लिवतोस की!

चादरीचं म्हणशील तर आबांचं, तुज्या आज्याचं, चादरीचं दुकान. फोटूत आपला माल दिसाय पायजे म्हणायचे. घराचा काड म्हटलं तर म्हणायचे, घर काय पळून चाललंय व्हय?

गॅलरी सरळ व्हती. मी तितं कुरडया वाळत घालायची, बाज सरळ लागायची. पण माजी वरात आली तवा वाकून बघताना कठडा पोटाला गोल लागल्यागत बी वाटतंय. लई इचार केला, आता कायच कळंना. घरात ऱ्हाणारं माणूस घर समोरनं कवा बघतंय? पाडलं तवा बघवणार न्हाय म्हणून मी आले न्हाय. याय पायजे व्हतं.

तुज्या बाबाला, कुमारला, सारखं इचारू नगंस. त्येला लागतं.

जिवाला जप, आत्याला इसरू नगंस.
वैजयंती आत्या

जुळे सोलापूर
२ मार्च २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र उशिरा मिळालं. तोवर मी बाबांना विचारून बसलो होतो. त्यांनी मॉडेल मांडीवर घेतलं. गोल पट्टी लावली, काढली, सरळ लावली, परत काढली. मग म्हणाले, पाडायच्या कागदावर सही माझी आहे, आणि मला साधी गॅलरी आठवत नाही. पट्टी टेबलावर ठेवून बाहेर गेले.

त्यानंतर मी मॉडेलला हात लावला नाही. अंदाजानं काहीतरी लावलं, तर उद्या सगळे तेच खरं धरतील. तुम्ही दोघंही. कोरं ठेवलं, तर समोरून ते कुणाचंही घर वाटतं.

तब्येत सांभाळ, लोभ कमी करू नकोस. आणि खरं सांग आत्या, तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?

तुझा पृथ्वी