आर्याची पहिली

२० एप्रिल
आजपासून वही. दाभोसा–जव्हार जीप चालवतो, सीट भरेपर्यंत वेळच वेळ असतो. विषय एकच: पोरीची पहिली. नवशीला जव्हारच्या इंग्लिश मीडियमलाच घालणार. पाड्यावरची शाळा घरातून दिसते, पण जवळचं कधी चांगलं असतं का? ठाण्यात वॉचमन होतो तेव्हा साहेब इंग्रजीत बोलायचा आणि मी मान हलवायचो. एकदा नको तिथे हलवली, नोकरी गेली. माझ्या पोरीवर ही पाळी येता कामा नये.

२४ एप्रिल
नवशी हे नाव इंग्लिश मीडियमला शोभत नाही. जन्मदाखल्यात नावाची जागा कोरीच होती. ग्रामपंचायतीत जाऊन ‘आर्या’ टाकून आणलं. बायको म्हणाली, नवसाची पोर हाय, देवाला सांगितलेलं नाव बदलतात काय? तिला समजावलं, देवाला नवशी, कागदाला आर्या. गप्प बसली. म्हणजे पटलं.

५ मे, जव्हार
मुलाखत. कलर, फ्रूट, गुड मॉर्निंग, सगळं पाठ. शिपायाने ‘आर्या’ म्हणून तीनदा पुकारलं, कोणी उठेना. असा राग आला! काय एकेक आईबाप असतात. शेजारच्याला तसं बोललोही. मग शिपाई ओरडला, आर्या मंगेश भोये. मंगेश भोये मीच.
तोवर नंबर गेला होता. मॅडम म्हणाल्या, एकच जागा उरलीय, तेराला या, पण मुलीला स्वतःचं नाव तरी सांगता आलं पाहिजे. चूक शिपायाची. आडनाव आधी घ्यायला काय झालं होतं?

८ मे
घरात नवशी म्हणायला बंदी. बायको ‘ए पोरी’ म्हणते. मी सकाळपासून आर्या, आर्या करतोय, पोर ढुंकून बघत नाही. कानाने कमी तर नाही ना? आरोग्य केंद्रात दाखवू का? पाच दिवस राहिले.

११ मे
जमलं! पोर आपणहून अंगणात दिवसभर घोकतेय, आर्या ये, आर्या खा. बायको तोंडाला पदर लावून हसते. तिलाही आनंद झालाय. पोरीला शिकवावं कसं, ते बापालाच कळतं.

१३ मे
मॅडमनी विचारलं, व्हॉट इज युवर नेम? पोर खणखणीत बोलली, नवशी. मॅडमनी कागद पाहिला. मग आर्या कोण? पोर म्हणाली, आमची शेळी.
मॅडम माझ्याकडे बघून इंग्रजीत काहीतरी बोलल्या. मी मान हलवली.

१४ मे
जागा गेली. आणखी दोन शाळांना फोन केले, सगळं फुल्ल. जीप चालवताना रडू आलं. प्रवाशांना म्हटलं, धूळ गेली. आमच्या पोरांनी करायचं तरी काय?

१६ जून
पाड्यावरची शाळा. तात्पुरती. पोर नाचत गेली. तुळशीदास गुरुजींना म्हटलं, नवशीच लिहा. ते म्हणाले, दाखल्यावर जे नाव, तेच हजेरीत.
‘आर्या मंगेश भोये,’ गुरुजींनी पुकारलं. मी खिडकीतून खुणा करत होतो. पोर उभी राहून बोलली, ती नाय आली गुरुजी, चरायला गेलीय.
गुरुजींनी गैरहजर मांडली.