आत्याच्या दाराचा दिवा

वर्तकनगर, ठाणे
७ सप्टेंबर १९८७

चि. हेमास अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर मला काही ऐकू येत नाही, म्हणून पत्र. परवा शेजारची सगुणा कितीतरी वेळ बेल दाबत होती आणि मी आत शांतपणे गवार मोडत बसले होते. शेवटी लोकांनी कडी तोडली. मला धडधाकट बघून सगुणालाच रडू फुटलं! बातमी नाशिकला आमच्या बाळपर्यंत गेली. आता चिरंजीव दिवाळीला रिकाम्या बॅगा घेऊन येणार, माझं सामान भरणार आणि मला कायमचं घेऊन जाणार. मायेनेच म्हणतो गं, पण मला माझं घर सोडायचं नाही. तू माझ्या भावाची पोर, नोकरी सांभाळून घरी तारा जोडत बसतेस ना? मग माझ्या दाराचं काहीतरी कर.

तुझी बहिरी आत्या,
वासंती

मानपाडा, डोंबिवली
१४ सप्टेंबर

ती. वासंतीआत्यास शि. सा. न. वि. वि.

अगं, घाबरतेस काय! सर्किट तयार आहे. दाराबाहेर पाटीखाली पितळेच्या दोन पट्ट्या, अगदी जवळजवळ. दोन्हींवर बोट टेकवलं की बोटातून किंचित करंट जातो, ट्रान्झिस्टर तो वाढवतो आणि तुझ्या खुर्चीसमोर लाल दिवा लागतो. शॉक बसत नाही, आईवर करून बघितलंय. सगळं सेलवर, वीज गेली तरी चालणार. साधं बटण लावता आलं असतं, पण त्यात काय मजा? रविवारी येऊन बसवते. थालीपीठ पाहिजे.

तुझीच,
हेमा

वर्तकनगर, ठाणे
३ ऑक्टोबर

चि. हेमास आशीर्वाद.

तुझा दिवा बिघडला. इतके दिवस झकास चालला. भाजीवालासुद्धा ऐटीत बोट टेकवायचा. काल दसऱ्याला दिवा लागला, दार उघडलं, तर कोणी नाही! आत येऊन बघते तो लागलेलाच. संध्याकाळपर्यंत दार उघडून उघडून पाय दुखले. बाळने हे पाहिलं तर म्हणेल, आईला आता भासही व्हायला लागले. मग संपलंच. पूजा तर मी नीट केली होती. शिवणयंत्र, विळी, आणि तुझ्या पट्ट्यांनाही बोटं ओली करून छान हळदकुंकू लावलं. मला भीती वाटते आहे गं. लवकर ये.

वासंतीआत्या

मानपाडा, डोंबिवली
६ ऑक्टोबर

ती. आत्यास शि. सा. न.

धन्य आहेस! ओलं कुंकू दोन्ही पट्ट्यांवर पसरलं, म्हणून सर्किटला वाटलं कोणीतरी बोट ठेवून उभंच आहे. कोरड्या फडक्याने पूस. मीही उगाच शहाणपणा केला. शनिवारी साधं बटण लावते, आणि स्वयंपाकघरातही एक दिवा. पुढच्या दसऱ्याला कुंकू सर्किटच्या डब्याच्या झाकणावर लाव. बघ, तू इथेच असणार हे मी धरूनच चालले आहे.

हेमा

वर्तकनगर, ठाणे
२८ ऑक्टोबर

चि. हेमास अनेक आशीर्वाद.

बाळ पाडव्याला आला तेव्हा वीज गेलेली. बेल बंदच. त्याने तुझं बटण दाबलं, दिवा लागला, मी दार उघडलं. गधड्याने बॅगा खाली ठेवल्या, मला खुणेनेच आत पिटाळलं आणि दार ओढून घेतलं. दिवा लागला. उघडलं. परत तेच! तिसऱ्यांदा मी चिडून चकलीचा झारा घेऊनच गेले. तो हसत उभा होता, आणि डोळे भरलेले. मग बॅगांचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही.

आज गेला. एक बॅग रिकामीच नेली. दुसरीत मी फराळ भरून दिला.

अशीच माया ठेव आणि थालीपीठ खायला ये.

तुझी,
वासंतीआत्या