कापण्याआधी चुंबक लाव

धाकट्या,

मी कामावर चाललोय. गिझरच्या अर्थिंगची तार तिसऱ्यांदा चोरीला गेली आणि परवा आईला नळाचा झटका बसला. आज नवी तार टाकलीय. वरून तांब्याची दिसते, पण आत पोलाद आहे; भंगारवाला तिला हातही लावणार नाही. कामाच्या साइटवरही आम्ही हीच टाकतो. तरी चोर आधी कापतात, मग त्यांना कळतं. म्हणून फ्रिजवरचं लोहचुंबक तारेशेजारी टांगलंय. कापण्याआधी लावून बघ, चिकटेल; एवढंच. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं मी केव्हाच सोडलंय.

आईला चोर बाहेरचा आहे असंच सांगितलंय. तू घरात आलास की बिचारी दाराच्या दोन्ही कड्या लावते आणि निर्धास्त होते.

दादा