न पटणारी तिसरी गोष्ट

कुंभकोणम, गुरुवार, संध्याकाळ

अण्णाच्या, माझ्या थोरल्या भावाच्या, चित्रपटाचं परीक्षण आज पेपरात आलं. चार गोष्टी, चारही गैरसमजांच्या. फार मोठं करायला गेला आणि पसरट झालं, असं लिहिलंय. असेलही. पण पुढे लिहिलंय, तिसरी गोष्ट मुळीच पटत नाही. एका वाक्यावरून कुठली बहीण सख्ख्या भावाशी सहा वर्षं अबोला धरेल?

मी धरला की!

आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा त्याने चेन्नईहून फोनवर विचारलं होतं, "येऊ का?" हे काय विचारायचं असतं? मी रागाने म्हटलं, "तुझं काम बघ." तो आलाच नाही. आई गेल्यावर आला, तेव्हा मी तोंड फिरवलं.

दुपारी एकटीच चित्रपट बघून आले. थिएटरात जेमतेम दहा माणसं होती. तिसऱ्या गोष्टीतला भाऊ आजारी आईसाठी घरी यायला निघतो, पण एक थांबा आधी, आडुतुरैला उतरतो आणि तिथूनच परत फिरतो. हे त्याने रचलं, की खरं? घरी आल्यापासून डोक्यात तेच. आडुतुरै म्हणजे इथून कितीसं लांब?

शेवटी फोन केला.

"अण्णा, तू खरंच आडुतुरैपर्यंत आला होतास?"

तो म्हणाला, "आलो होतो."

"मग घरी का नाही आलास?"

"तू ये म्हणाली नव्हतीस."

फोन कुणीच ठेवला नाही. पलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि मी तो ऐकत बसले.