गढूळ जेली

आई, जपानात त्सुकुबातल्या आमच्या क्वार्टरमध्ये तू तीन महिने राहून गेलीस, त्यातला एक दिवस तुला सांगायचा राहिलाय. तुला देवाघरी जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली. इतकी वर्षं वेळ मिळाला नाही असं म्हटलं, तर तूच हसशील.

शेजारच्या आजींनी त्यांच्या झाडाची हिमेरिंगो पिशवी भरून आणून दिली होती. मोठ्या बोरांएवढी, लालभडक सफरचंदं. त्यांच्याकडे ती नुसती शोभेची. तू एक चावलंस, डोळे घट्ट मिटलेस आणि म्हणालीस, "अगं, काय आंबट आहेत! पेरूपेक्षा झकास जेली होईल यांची." तुझी पेरूची जेली म्हणजे आपल्या आळीतलं प्रस्थ. बाटलीमागे पोस्टकार्ड धरलं तर अक्षरं वाचता यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू स्वेटरवरून पदर खोचून उभी आहेस, माझ्या एवढ्याशा ओट्याशी. सालीबियांसकट फोडी शिजवल्यास, चक्क्यासाठी आणलेल्या फडक्यात लगदा बांधलास आणि नळाला टांगून खाली पातेलं ठेवलंस. "हात लावायचा नाही हं. पिळलं की गढूळ झालं. आपणहून गळेल तेवढाच रस आपला." हे मला सांगायची गरज नव्हती. बारा वर्षांची असताना मी पेरूचं फडकं पिळलं होतं, आणि तू मावशी-काकूंसमोर म्हणाली होतीस, "हिच्या हाताला धीरच नाही. हिचं काही खरं नाही." सगळ्या हसल्या. मीही हसले.

तू नातवाला घेऊन बागेत गेलीस. तो जपानीत बोलायचा, तू मराठीत, आणि तुमचं छान जमायचं. इकडे चार वाजता आजी यायच्या होत्या, त्यांना पहिली बाटली द्यायची म्हणून तू हटून बसलेली. नळ अडलेला, भांडी तशीच, आणि रस थेंब थेंब. बारा वाजता मी फडकं दोन्ही हातांनी पिळलं. चांगलं करकचून, तीनदा. मग होतं तसं टांगून ठेवलं.

तू आलीस आणि पातेल्यात बघून केवढी खूश झालीस! "बघ, किती गळला! जातिवंत फळ आहे." साखर घातलीस, लिंबू पिळलंस. वाटीभर पाण्यात टाकलेला थेंब न पसरता तळाशी बसला. बाटल्या भरल्या. निवल्यावर तू एक उचलून खिडकीशी धरलीस, आणि धरूनच राहिलीस.

"चाळीस वर्षांत असं झालं नाही गं. हात गेला माझा."

आजींनी बाटली दोन्ही हातांनी घेतली, "किरेई" म्हणाल्या. सुंदर आहे म्हणतात, असं मी तुला सांगितलं. तू म्हणालीस, "सांग त्यांना, नेहमी अशी होत नाही." ते मी त्यांना सांगितलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात वहिनीचा पुण्याहून फोन आला. पेरू आणले, तर आई म्हणाल्या, तूच कर, मला आता अंदाज येत नाही. मग लोणचं गेलं, चकलीची भाजणी गेली. शेवटी शेवटी आमटीत मीठ किती, हेसुद्धा तू तिला विचारायचीस. ज्या हातावर तू उभी होतीस, त्याच्यावरचा विश्वासच उडाला तुझा. आणि त्यानंतर वर्षभरात तू गेलीस. वहिनी अजूनही मायेने सांगते, "आईंचा हात जपानला जाऊन आल्यापासून गेला बघा." मी फोनवर "हो ना" म्हणते. निदान तिला तरी खरं सांगता आलं असतं. तेही नाही.

इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आले की घाई होती, पाहुणी यायची होती. पिळण्यापुरतं ते खरंही आहे. पण तू खिडकीशी उभी होतीस तेव्हा मी हातभर अंतरावर होते, आणि "आई, मी पिळलं" एवढंच म्हणायचं होतं. मी गप्प राहिले ते तुझ्या रागाला भिऊन नाही. आपलंही चुकतं असं तुला वाटलेलं पाहून मला त्या क्षणी बरं वाटलं होतं.