ताप चढायची वाट

रीगा, मंगळवार

विझ्माताईस धाकट्या इमांट्सचा नमस्कार,

मी पोटभर जेवतो. पाव आपल्याकडच्यासारखाच काळा मिळतो, पण आईच्या हातची चव नाही त्याला. तिचे गुडघे कसे आहेत? गाय व्याली का?

इथपर्यंत आईला वाचून दाखव. पुढचं तुझ्यापुरतं.

काल विषाणूची तिसरी सुई झाली. हा विषाणू म्हणे कॅन्सरच्याच पेशी मारतो. सुईनंतर ताप चढला, की डॉक्टरीणबाई खूश होतात. अंग लढायला लागलं, म्हणतात. आईनं जन्मभर माझे ताप उतरवले आणि मी इथे तो चढायची वाट बघत पडलोय. तिन्ही वेळा आला नाही. काल मी थर्मामीटर चहाच्या गरम पेल्याला टेकवला. बाईंनी आकडा बघितला, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि वहीत काहीच लिहिलं नाही. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शेजारच्या खाटेवरच्या आर्विडला भाचीनं सहा फुलं आणली. म्हातारा केवढ्यानं ओरडला! "अगं बये, सम फुलं मढ्याला वाहतात! श्वास चाललाय माझा अजून. काढ त्यातलं एक!" आम्ही सगळे पोट धरून हसलो. काढलेलं फूल तिनं माझ्या उशाशी ठेवलं.

रविवारी येशील तेव्हा अंगणातली डेलियाची फुलं आण. पाच झाली की सहा, ते मोजत बसू नकोस.

तुझा,
इमांट्स